चौथ्या चालीनंतर

आमच्या घरात भांडणं मिटवायला वडीलधारी माणसं लागत नसत, चिंचोके लागत. दुपारची जेवणं आटोपली, स्वयंपाकघरातली परात धुऊन भिंतीला टेकली, की मधल्या खोलीत अण्णांच्या पलंगाच्या पायथ्याशी सतरंजी पडायची आणि अक्काआत्या तिचा पितळी डबा खुळखुळवत यायची. डब्यात वर्षानुवर्षांचे चिंचोके होते, हाताळून हाताळून काळे कुळकुळीत झालेले. नारायणगुड्याच्या आमच्या त्या घरात चिंच काही थोडीथोडकी लागत नसे. खट्टी दाळ रोजची, चिंचेला कोवळा पाला, म्हणजे चिगूर, फुटला की त्याची दाळ वेगळी, आणि वर शेजारच्या राजम्मागारूंकडून भिंतीवरून येणारी पुलिहोऱ्याची, म्हणजे चिंचेच्या भाताची, वाटी. पुण्याकडची कुणी पाहुणी आली की दुसऱ्या दिवशी ती आमच्या आमटीत गूळ शोधायची आणि तिसऱ्या दिवशी गप्प बसून ताक प्यायची. आम्हाला त्याची गंमत वाटायची. आम्ही आंबटावर वाढलेली माणसं, आमची तोंडं सहजी वाकडी व्हायची नाहीत. पत्त्यांच्या खेळात त्याचा मला फार उपयोग झाला.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. एके काळचे नामांकित वकील. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डोळे मात्र उरले होते आणि त्या डोळ्यांतली वकिली जशीच्या तशी होती. त्यांचं मन रमावं म्हणून डाव त्यांच्या खोलीत मांडायचा, हे अक्काआत्यानं ठरवलं. अक्काआत्या त्यांची थोरली लेक, माझ्या वडिलांची बहीण. तरुणपणी कपाळ पुसून गुलबर्ग्याहून माहेरी परतली ती एक ट्रंक आणि तीन पत्तीचा डाव एवढंच घेऊन. तिच्या सासरी पुरुष बैठकीत खेळायचे आणि बायका माजघरात, त्यांच्यावर ताण करून.

तिनंच घरात तो रिवाज पाडला. जे काम कुणालाच नको असेल, ते कुणी करायचं हे पत्ते ठरवणार. राशनच्या रांगेत कुणी उभं राहायचं, पापडाचं पीठ कुणी कुटायचं, जालन्याच्या काकांच्या कार्ट्यांना चारमिनार कुणी दाखवायचा, सगळ्याचा निवाडा सतरंजीवर. आई सुरुवातीला म्हणाली होती, "वन्सं, घरात जुगार नक्को, ह्यांना कळलं तर परेशान होतील." तेव्हा आत्यानं तिला सांगितलेलं मला आठवतं. "हुकमानं कामं वाटली की एकच पाठ जन्मभर वाकते गं. पत्ते आज हिच्याकडं जातात, उद्या तिच्याकडं." वडील, म्हणजे नाना, सचिवालयात नोकरीला. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण संध्याकाळी सायकल आत घेताना ते इतक्या जोरात खाकरायचे की आम्हाला सतरंजी गुंडाळायला वेळ मिळावा.

खेळ साधाच. तिघी बसल्या तर तिघींना, दोघी बसल्या तर दोघींना तीन-तीन पत्ते. ज्याला त्याला आपलेच दिसतात. चांगले वाटले तर चिंचोके पुढं सरकवून चाल करायची, नाही वाटले तर पत्ते टाकून उठायचं. समोरचीवर विश्वास नसेल तर दुप्पट चिंचोके मोजून "दाखव" म्हणायचं. पण समोरचीनं भिऊन पत्ते टाकले, तर आपल्याला काहीच दाखवावं लागत नाही. सगळी मजा इथंच. हातात कचरा असताना तोंडावर राजवैभव आणायचं, त्याला आत्या हूल देणं म्हणायची. परवा माझी नात तिच्या फोनवर ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर पोकर खेळत होती. मला म्हणाली, "आज्जी, ब्लफ करना सबकू आता, कहाँ छोडना वो नै आता." मी म्हटलं, "हौ गं बाई, तू मला शिकव." आणि चष्मा पुसायला घेतला.

कारण हूल देण्यात माझ्यासारखी मीच. अठरा वर्षांची, कॉलेजात जाणारी, दोन वेण्या, अंगात वाऱ्यासारखं काहीतरी भरलेलं. चाल करताना मी गुणगुणायची, वेणीचं टोक न्याहाळायची, मध्येच आईला विचारायची, "दूध तापवलं का?" जणू माझे पत्ते इतके चांगले आहेत की माझं लक्षसुद्धा नाही. बसायचीही मुद्दाम अण्णांच्या पलंगाकडे पाठ करून, म्हणजे त्यांना माझे पत्ते दिसावेत. एवढा मोठा पराक्रम चाललेला, एक तरी प्रेक्षक हवा. अण्णांच्या डोळ्यांत हसू यायचं, डावी मिशी थरथरायची. त्या पोरीला वाटायचं, आपण घरातली सगळ्यात हुशार व्यक्ती आहोत. तिला मी आज भेटले तर आधी तिची वेणी ओढीन आणि मग बोलायला लागेन.

आत्यानं मला सगळं शिकवलं, त्यात एक नियमही शिकवला होता. "सुमे, हूल द्यायची ती तीन चालींपर्यंत. तिसऱ्या चालीलाही समोरची उठली नाही तर समजून जायचं, हिला हे जिंकणं आपल्यापेक्षा जास्त लागतंय. मग आपले पत्ते टाकायचे आणि पाणी प्यायला जायचं." मी मान डोलवायची. पाणी प्यायला मी कधी गेले नाही.

त्या वर्षी दादाचं लग्न झालं आणि कमलवहिनी घरात आली. परभणीकडच्या सेलूची, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. दादा पाटबंधारे खात्यात वरंगलला, शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जायचा. त्यामुळे वहिनीचा संसार नवऱ्यापेक्षा आमच्याशीच जास्त. मी तिला अगंतुगं करायची, ती मला "अहो वन्सं" म्हणायची. मॅट्रिक झालेली, लग्नाआधी वर्षभर सेलूच्या प्राथमिक शाळेत शिकवलेलं. सकाळी ती अण्णांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची; प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ, आणि अवघड बातमी आली की थांबून, "म्हणजे बरं का अण्णा..." असं म्हणून समजावून सांगायची. साऱ्या शहरातल्या वकिलांना कायदा शिकवलेला माणूस तिच्यासमोर शहाण्या मुलासारखा पडून ऐकायचा. मला त्याचं हसू यायचं. मला तेव्हा कशाचंही हसू यायचं.

सतरंजीवर ती पहिल्यांदा बसली तेव्हा पदर दोनदा सारखा केला आणि विचारलं, "मी पण?" आत्या म्हणाली, "तू पण म्हणजे काय? तुला हात नाहीत?" हळूहळू ती छान खेळायला लागली. हूल द्यायची नाही, पण हिशोब चोख ठेवायची. एकदा तिच्याकडून हरून आईला राशनच्या रांगेत उभं राहावं लागलं आणि वहिनी घरात लोळत पडली. परतल्यावर आईनं पिशवी आपटली, पण बोलली काही नाही. सून बसून आहे आणि सासू रांगेत आहे, हे त्या काळी आमच्या गल्लीत दुसऱ्या कुठल्या घरात घडलं असेल असं मला वाटत नाही. त्या घरात मुलीच्या, सासूच्या बरोबरीनं बसायला वहिनीला तेवढीच एक जागा होती. हे मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त माझे पत्ते दिसायचे.

एका सोमवारी आईनं जाहीर केलं की गुरुवारी अंबरपेठेत तिच्या भाचीचं लग्न आहे, ती आणि आत्या सकाळीच निघणार, संध्याकाळी येणार. अण्णांजवळ कुणीतरी दिवसभर हवं. मी लगेच म्हणाले, "मी नाही. गुरुवारी आमची पिकनिक आहे, गंडीपेठला." पिकनिक खरीच होती. आणि तिच्यात एका मैत्रिणीचा भाऊ येणार होता, जो गॉगल लावायचा. बाकी त्याच्याबद्दल सांगण्यासारखं तेव्हाही काही नव्हतं.

वहिनी खाली मान घालून शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "मलाही गुरुवारी जरा जायचं होतं. दोनच तास. सेलूची मैत्रीण काचीगुड्याला उतरणार आहे, पुढची गाडी मिळेपर्यंत."

"अगं, मैत्रिणी काय, भेटतील पुन्हा," आई म्हणाली.

"सतरंजी टाका," आत्या म्हणाली.

दोघींचाच डाव असला की तीन वाट्या व्हायच्या, म्हणजे पत्ते तीनदा वाटायचे. शेवटी जिच्याकडं चिंचोके जास्त, तिचं म्हणणं खरं. पहिली वाटी वहिनीनं जिंकली, सरळ सरळ. दुसऱ्या वाटीत मला काय आलं ते मी आजही डोळे मिटून सांगते: दुरी, पंजा, नव्वी, तिन्ही वेगवेगळ्या रंगांचे. ह्याहून बेकार हात शोधून सापडणार नाही. मी चाल केली. तिनं केली. मी वेणी पुढं घेतली, पुन्हा चाल केली. तिनंही केली, पण चिंचोके ठेवताना तिची बोटं जरा थांबली. तिसरी चाल. ती उठली नाही. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. एका मैत्रिणीसाठी इतका घाम? हा प्रश्न मला पडायला हवा होता. आत्या सुपारी कातरायची थांबून माझ्याकडं बघत होती. पत्ते टाकायची ती वेळ. पाणी प्यायला जायची ती वेळ.

तेवढ्यात पाठीमागून अण्णांचा आवाज आला. "अँ... अँ..." त्यांना माझे पत्ते दिसत होते. मी वळलेसुद्धा नाही. तशीच मी म्हणाले, "वहिनी, अण्णांना पाणी हवंय बघ."

ती पत्ते पालथे ठेवून उठली. चमच्या-चमच्यानं पाणी पाजलं, हनुवटी पुसली, उशी सारखी केली. ते तिच्याकडं बघून तोच आवाज काढत राहिले आणि ती म्हणत राहिली, "हो अण्णा, झालं, झालं हं." तेवढ्या वेळात मी चौथी चाल लावून ठेवली, चांगली ओंजळभर. ती परत बसली. ढिगाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी गुणगुणत होते. "दाखवा" म्हणण्यापुरते चिंचोके तिच्याजवळ होते. पण नणंदेला "दाखवा" म्हणायचं म्हणजे, तुम्ही खोटं बोलताय असं तोंडावर म्हणायचं. आठ महिन्यांच्या सुनेला ते जड जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी पत्त्यांवर नव्हे, त्यावर खेळले. "टाकते मी," ती म्हणाली. तिसऱ्या वाटीत मी पत्ते न बघताच टाकून दिले. माझ्यापुढचा ढीग तेवढ्यानं कमी होणार नव्हता.

चिंचोके डब्यात भरताना आत्या हळूच म्हणाली, "सुमे, चौथी होती ना ही?"

"कशाची चौथी?"

"काही नाही." तिनं झाकण दाबलं. "अजून गुरुवारला अवकाश आहे."

मंगळवारी दुपारी मी गच्चीवर केस वाळवत होते. पलीकडच्या गच्चीवर राजम्मागारू मिरच्या पसरत होत्या. मला पाहून कठड्याशी आल्या. "क्या अम्मा सुमन, भाभी का इंटरव्यू परसों है ना? खत मेरेच पते पे मंगाई थी. मैं बोली, घर में कायकू नै बोलते? बोली, पहले नौकरी तो मिलने दो अम्मा, फिर बोलती. मैं किसीकू नै बोली, हौ. तुमकू तो मालूमच रहता."

मी म्हणाले, "हौ, मालूम है ना." बघा, तिथंसुद्धा हूल.

मग त्यांच्याकडूनच गोष्ट उलगडत गेली. शहरातल्या एका मराठी शाळेत प्राथमिक वर्गांना शिक्षिका हवी होती. वहिनीनं गुपचूप अर्ज केला होता. गुरुवारी अकरा वाजता प्रमाणपत्रं घेऊन बोलावलं होतं. आमच्या घरच्या सुना नोकरी करत नाहीत, असं नाना कधी म्हणाले नव्हते. म्हणायची वेळच कुणी आणली नव्हती. नेमणुकीचा कागद हातात आला की तो दादापुढं ठेवायचा, दादानं नानांपुढं ठेवायचा, असा तिचा बेत. काचीगुडा, मैत्रीण, पुढची गाडी, सगळी तिचीही हूलच होती. जन्मात पहिली असेल. आणि ती पहिल्याच डावात माझ्यासमोर आली.

आता खरं सांगायचं म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं, तर सांगते. पिकनिक मी सोडली असती. गॉगलही सोडला असता. "वहिनी, तू जा, मी थांबते," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण जिंकलेलं कुणी सोडतं का? आईनं विचारलं असतं, का गं? आत्या सुपारी कातरत गालात हसली असती. सुमीची हूल पकडली गेली, असं त्या घरात एकदा झालं असतं. ते मला नको होतं. आणि दुसरं त्याहून वाईट. वहिनीचं गुपित मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तिला माहीत नाही, यात मला मजा वाटत होती. वाटलं, उद्या सांगू. उद्या सांगायला काय लागतं?

बुधवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले ती सांगायलाच. निदान मी तसं मानते. वहिनी माझ्या पिकनिकसाठी दशम्या करत होती. दुधात भिजवलेलं पीठ, तव्यावर तूप, शेजारी लाल मिरचीची चटणी वाटून ठेवलेली. "वन्सं, उद्या दुपारपर्यंत मऊ राहतील बघा," ती म्हणाली. मग दशमी उलटता उलटता, माझ्याकडं न बघता, तिनं विचारलं, "खरं सांगा हं, तुमच्याकडं काय होतं परवा?"

दार इतकं उघडं माझ्यासाठी पुन्हा कुणी धरलं नाही. मी म्हणाले, "तीन राजे."

तिनं मोठ्ठा श्वास सोडला. "मग बरोबर. माझ्या मनाला लागून राहिलं होतं, उगीच टाकले की काय. तीन राजांपुढं काय चालणार?" आणि हसली. तिला बरं वाटलं, हे पाहून मलाही बरं वाटलं. मी चक्क स्वतःला दयाळू समजत एक गरम दशमी उभ्या उभ्या खाल्ली.

गंडीपेठला काय झालं म्हणाल तर काही झालं नाही. गॉगलवाला भाऊ झाडाखाली तोंडावर रुमाल टाकून आडवा झाला आणि माश्या वारत राहिला. अकरा वाजता मी तलावाच्या बांधावर बसले होते. कुणाच्या तरी मनगटावरच्या घड्याळात बघितलं म्हणून माहीत. दशम्या मैत्रिणींनी फस्त केल्या, "तेरी भाभी के हाथ चूमना," म्हणाल्या. मी एकही खाल्ली नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा वहिनी आपल्या गादीखालून घडी घातलेलं फिकट पोपटी पातळ काढत होती. इस्त्री बसावी म्हणून रविवारपासून तिनं ते दाबून ठेवलं होतं. तिनं ते ट्रंकेत ठेवलं आणि मला विचारलं, "मजा आली?" मधल्या खोलीत अण्णांनी दिवसभर काही खाल्लं नव्हतं. मी वाटी घेऊन गेले, तर त्यांनी मान भिंतीकडं वळवली. त्यांना जेवढं वळता येत होतं त्यातलं बहुतेक सगळं त्या एका वळण्यात गेलं. पुढं वर्षभर होते ते. माझ्या हातचं पाणी घेतलं, अन्न नाही.

शाळेतली ती जागा कुणा दुसरीला मिळाली. पुढं वहिनीला दिवस गेले, दादाची बदली झाली, मग दुसरं मूल, मग नाना आजारी; अर्ज करायचं राहून गेलं ते गेलंच. पण मला खुपतं ते आणखी एक आहे. त्या गुरुवारनंतर वहिनी सतरंजीवर बसली नाही. "मला बाई त्यातलं कळत नाही," म्हणायची. जी डावातच नाही तिचं पत्ते काय ठरवणार? एकेक करत नको असलेली कामं तिच्याकडं जायला लागली, कुणी हुकूम न सोडता. राशन तिच्याकडं, पीठ तिच्याकडं, अण्णा तिच्याकडं. महिना-दोन महिन्यांत डबा फडताळात वर गेला. आत्यानं तो ठेवताना माझ्याकडं पाहिलंही नाही.

आता वहिनी कुकटपल्लीला मुलाकडं असते. दादाला जाऊन बरीच वर्षं झाली. दर मंगळवारी मी मेट्रो बदलून तिच्याकडं जाते. गुडघे कुरकुरतात, पण जाते. तिच्या बिल्डिंगमधल्या चार-पाच मराठी घरांतल्या मुली संध्याकाळी तिच्याकडं येतात. घरी मराठी बोलतात तीही निम्मी हिंदी, निम्मी तेलुगू. वाचता मुळीच येत नाही. वहिनी त्यांना अक्षरं शिकवते, फुकट. गेल्या महिन्यात मी लवकर पोचले आणि पहिल्यांदाच तो वर्ग बघितला. एक सात वर्षांची चिमुरडी अख्खं वाक्य पहिल्यांदा आपलं आपण वाचत होती. प्रत्येक शब्दाला थांबून वहिनीकडं बघायची आणि वहिनी काहीच सांगायची नाही, नुसती वाट बघायची. वाक्य संपलं तेव्हा ती पोर इतकी दचकली की तोंडावर दोन्ही हात घेऊन हसत सुटली. वहिनी म्हणाली, "बघ. मी काही केलं नाही."

मुली गेल्या आणि मी सांगून टाकलं. सगळं.

ती पाट्या गोळा करत होती. "काय होतं मग?" तिनं विचारलं.

"दुरी, पंजा, नव्वी. रंग पण नाही."

"माझ्याकडं बदामचा रंग होता. वर एक्का." एक क्षणही आठवावं लागलं नाही तिला. "आणि इंटरव्ह्यूचं कधी कळलं तुम्हाला?"

"नंतर" म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. "मंगळवारी. राजम्मागारूंकडून."

"म्हणजे दशम्या करत होते तेव्हा माहीत होतं."

"हौ."

तिनं पाट्या एकावर एक लावल्या, कडा जुळवल्या. मी म्हणाले, "तू राजम्मागारूंना बसवून दोन तास जाऊन का नाही आलीस गं?"

"हरले होते ना मी," ती म्हणाली. "हरल्यावर जाणं म्हणजे चोरी झाली असती. त्या घरात मला खरं वाटावं असं तेवढंच होतं." मग खुर्चीत बसली, माझ्यासमोर. आवाज चढवला नाही. "वन्सं, तुम्ही तीन राजे म्हणालात तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, ठाऊक आहे? म्हटलं, आपली चूक नाही. नशिबातच नव्हतं. पन्नास वर्षं त्यावर काढली मी. ह्यांना सांगितलं नाही, पोरांना सांगितलं नाही. आणि आता ह्या वयात तुम्ही येऊन सांगताय, की माझं नशीब चांगलं होतं."

मी काहीतरी बोलू लागले. माफी वगैरे.

"तुम्हाला सांगून हलकं वाटलं का?"

वाटलं होतं, हेच वाईट.

"मग हे मी आता कुठं ठेवू, ते पण सांगा."

घरी येईपर्यंत मेट्रोत मी एकच विचार करत होते. पत्ते उघडे करायची एक वेळ असते, ती सोमवारी होती, मंगळवारी होती, बुधवारी तव्यापाशी होती. फार तर त्या वर्षभरात होती, वहिनी मला चार शिव्या देऊन पुढच्या जागेसाठी अर्ज करू शकली असती तोवर. पन्नास वर्षांनी उघडे केले ते मी माझ्यासाठी केले. माझ्याजवळचं ओझं तिच्या मांडीवर ठेवलं आणि त्याला खरेपणा म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना ही एक खोड असते, मरायच्या आधी सगळं सांगून टाकायची. ऐकणाऱ्यालाही मरायचंच असतं, हे लक्षात राहत नाही.

पुढच्या मंगळवारी जावं की न जावं, ह्यात दुपार गेली. शेवटी गेले. वहिनीनं दार उघडलं, पाणी दिलं, "बसा," म्हणाली आणि आत मुलींकडं गेली. मी जेवणाच्या टेबलापाशी बसले. तिथून ती दिसत होती, पाठमोरी. एरवी माझ्यासाठी ती मुलींना दहा मिनिटं आधी सोडते. त्या दिवशी सोडलं नाही.

नव्यानं येऊ लागलेली एक मुलगी मान वळवून माझ्याकडं बघत होती. तिनं विचारलं, "आजी, वो कौन है?"

वहिनीनं मागं पाहिलं नाही. "त्या माझ्या नणंद आहेत," ती म्हणाली. "तू वाच."